जुने वस्त्र धुवायचे की नाही, आणि धुवायचेच तर कसे

प्रश्न थोडक्यात असा. संग्रहालयाच्या साठ्यात साधारण २ मीटर बाय १.५ मीटरचे एक जुने सुती आच्छादन आहे. त्यावर लाल-हिरव्या रेशमाचे भरतकाम आणि एका बाजूला जरीचा काठ आहे. वर्षानुवर्षे घडी घालून ठेवल्याने घड्यांवर पिवळट-तपकिरी रेघा उमटल्या आहेत, वर धुळीचा थर बसला आहे आणि दोन ठिकाणी कापड विरले आहे. तीन महिन्यांनी ते प्रदर्शनात मांडायचे आहे. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यातून काढले तर चालेल का?

साबण नको, कोमट पाणी नको, आणि बहुधा बुडवूच नका. ‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. जरीच्या काठाने निम्मा निर्णय आधीच केला आहे, पण उरलेला निम्मा लाल रेशमाच्या चाचणीवर अवलंबून आहे आणि ती चाचणी वस्त्र समोर ठेवूनच करावी लागते. एक गोष्ट मात्र आधीच पक्की धरून चाला: पाण्याने होणारे नुकसान बहुतेक वेळा टबात होत नाही, वाळताना होते. म्हणून ‘धुवायचे का’ असे विचारण्याआधी ‘हे एकसारखे आणि लवकर वाळवता येईल का’ असे विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर पाण्याचा विषय तिथेच संपतो.

पाण्याबरोबर काय काय जाते

धुण्याने मळ जातो, हे झाले एक. कापडाची मूळ खळ, घोटाईची चमक, जुन्या घड्यांच्या खुणा, शिवणीत अडकलेले परागकण, घामाचे आणि रक्ताचे डाग हेही जाते. कुणी काय नेसले, कसे वापरले, कुठे ठेवले याचा तो पुरावा असतो आणि एकदा गेला की परत मिळत नाही. युद्धात वापरलेला झेंडा, उत्खननात सापडलेला तुकडा किंवा एखाद्या ज्ञात व्यक्तीचा पोशाख असेल, तर डाग ही मालमत्ता समजायची. अमेरिकेच्या ‘स्टार स्पँगल्ड बॅनर’ या ध्वजावर १९९८ पासून जे काम झाले, त्यात १९१४ साली लावलेले लिननचे अस्तर सोडवण्यासाठी सुमारे १७ लाख टाके कापावे लागले. त्यानंतरची स्वच्छता कोरड्या स्पंजने आणि अ‍ॅसिटोन-पाण्याच्या मिश्रणाने झाली. एवढे साधन आणि मनुष्यबळ असतानाही ध्वज पाण्यात बुडवला नाही, हे लक्षात घ्या.

पाण्याच्या बाजूनेही बोलायला हवे. कापूस आणि लिनन जुने होताना त्यांतल्या सेल्युलोजचे विघटन होते आणि आम्लधर्मी, पिवळे, पाण्यात विरघळणारे पदार्थ तयार होतात. ते आत राहिले की पुढचे विघटन वेगाने होते. साधे, एकरंगी, धड सुती वस्त्र नीट धुतले तर ते मऊ पडते, सामू (आम्ल-अल्कलीचे माप, पीएच) सुधारतो आणि ठिसूळपणा थोडा कमी जाणवतो. त्यामुळे ‘कधीच धुवू नका’ हाही आळसच.

आधी बघणे

दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून. तिरपा प्रकाश टाकून आणखी एक संच काढा, कारण सुरकुत्या आणि उचललेले टाके त्यातच दिसतात. कागदावर वस्त्राची बाह्यरेषा काढून डाग, भोके, जुनी डागडुजी, सुटलेली जर अशा खुणा करा. उभ्या-आडव्या धाग्यांची सेंटिमीटरमागे संख्या नोंदवा. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजून ठेवा. धुतल्यावर कापड आटले किंवा तिरके झाले तर ते कर्णांवरूनच कळते.

मग भिंगाखाली धागे. तीन गोष्टी सापडल्या तर पाणी रद्द. पहिली, भारित रेशीम: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रेशमाचे वजन आणि सळसळ वाढवण्यासाठी त्यात कथिलाचे क्षार भरत. असे रेशीम सरळ रेषेत, चिरल्यासारखे फाटते आणि स्पर्शाने भुगा होते. दुसरी, लोहयुक्त काळा किंवा गडद तपकिरी रंग: लोह आणि टॅनिन यांपासून केलेल्या रंगात लोहच धाग्याला खात राहते, म्हणून जुन्या भरतकामात नेमकी काळी बाह्यरेषा गळून गेलेली दिसते. तिसरी, एकमेकांशी न जुळणारे थर, म्हणजे कापूस भरलेली गादी, कागदाचे अस्तर, चिकटवलेली टिकली, चामडे, रंगवलेला पृष्ठभाग. हे थर वेगवेगळ्या वेगाने आटतात आणि वेगवेगळ्या वेळी वाळतात.

हातमोजे नायट्राइलचे घाला. वस्त्र वाचवण्याइतकेच ते तुमच्यासाठी आहेत. जुन्या संग्रहांवर कीड लागू नये म्हणून आर्सेनिक, पाऱ्याचे क्षार, डीडीटी असे काहीही मारलेले असू शकते. पांढरी किंवा स्फटिकासारखी पूड दिसली तर ती धूळ समजून फुंकू नका.

कोरडी स्वच्छता: इथेच सर्वांत जास्त वेळ घाला

धुळीतले खनिज कण धारदार असतात. कापड हलले की ते धाग्यांना आतून कापतात, हवेतला ओलावा धरून ठेवतात, किड्यांना खाद्य पुरवतात. धूळ न काढता पाणी घातले तर तिचा चिखल होऊन धाग्यात शिरतो आणि मग कशानेच निघत नाही. त्यामुळे वस्त्र पुढे धुवायचे असो वा नसो, हा टप्पा टळत नाही.

व्हॅक्यूम क्लीनर असा हवा की ज्याची ओढ कमी-जास्त करता येते आणि ज्यात हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारी गाळणी, आहे. घरगुती यंत्रच असेल तर नळीला हवेचे भोक ठेवून ओढ कमी करा. तळहातावर धरल्यावर कातडी खेचली जात असेल तर ओढ जास्त आहे. नळीच्या तोंडावर मलमलीचा तुकडा बांधा. सुटलेला धागा किंवा टिकली त्यात अडकते आणि काही सुटले तर लगेच समजते. दर काही मिनिटांनी तो तुकडा पाहायचा.

वस्त्रावर जाळीची चौकट ठेवा, ३० बाय ३० सेंटिमीटरची. जाळी नायलॉनची चालते, फायबरग्लासचीही. फक्त कडा सुती फितीने मढवलेल्या हव्यात, नाहीतर जाळीची तुटकी टोके भरतकामात अडकतात आणि चौकट उचलताना टाका ओढला जातो. नळी जाळीवरून घासत न्यायची नाही. ठेवायची, उचलायची, शेजारी ठेवायची. जिथे कापड धड आहे तिथे जाळी काढून मऊ, लांब केसांच्या ब्रशने धूळ नळीच्या तोंडाकडे सारता येते. रेशमाच्या लांब, सुट्या टाक्यांवर ब्रश नको, कारण जुना टाका घासला की त्याचे तंतू पिंजतात. विरलेल्या जागांवर नळी नेऊच नका. तिथे रबरी फुग्याने हलकी हवा मारा किंवा धूळ राहू द्या.

तुमच्या ३ चौरस मीटरच्या वस्त्रात एका बाजूला सुमारे ३४ चौकटी बसतात. चौकटीला तीन-चार मिनिटे धरली तर एक बाजू साधारण दोन तासांची. सुलटी, मग उलटी, मग पुन्हा सुलटी, असे एक दिवसाचे काम आहे. घाईने अर्ध्या तासात उरकले असेल तर ते झालेले नाही. पहिल्या फेरीतली थोडी धूळ छोट्या पिशवीत घालून तारखेसह जपून ठेवा.

काजळी असेल तर पद्धत वेगळी. काजळी तेलकट असते आणि ब्रशने ती पसरते. आधी फक्त व्हॅक्यूम, तोही स्पर्श न करता. त्यानंतर कापड भक्कम असेल तर व्हल्कनाइज्ड रबराचा काजळीचा स्पंज नुसता टेकवायचा आणि उचलायचा. त्याचे कण मागे राहतात, ते परत व्हॅक्यूमने काढायचे. रेशमावर हा स्पंज वापरू नये.

रंग सुटतो का?

‘पाण्याचा थेंब टाकला, टीपकागद दाबला, काही लागले नाही, धुतले आणि लाल रंग पसरला.’ ही तक्रार नेहमीची आहे, आणि कारण प्रत्येक वेळी तेच: थेंब दोन मिनिटे ओला होता, वस्त्र चार तास ओले होते.

चाचणी अशी करा. प्रत्येक रंगाची, प्रत्येक छटेची, प्रत्येक प्रकारच्या धाग्याची वेगळी. एकाच फुलातला लाल दोन वेगळ्या लडींतून आलेला असू शकतो. नंतरच्या दुरुस्तीचा धागा तर हमखास वेगळा, आणि बहुतेक वेळा दगा तोच देतो. उलट्या बाजूची न दिसणारी जागा निवडा. खाली पॉलिएस्टर फिल्म, तिच्यावर पांढरा टीपकागद, मग वस्त्र. ड्रॉपरने डिआयनाइज्ड (विरघळलेले क्षार काढलेल्या) पाण्याचा एक थेंब, एक मिनिट थांबा, वरून टीपकागद, त्यावर काचेचे वजन. दहा मिनिटांनी दोन्ही कागद उजेडात बघा. पुन्हा थेंब, नवा कागद, पुन्हा दहा मिनिटे. असे किमान तासभर. मग हेच सगळे डिटर्जंटच्या ज्या द्रावणात धुणार आहात त्याच द्रावणाने, त्याच तापमानाला आणि त्याच सामूला. शेवटी तो ठिपका पाण्याने टिपून साफ करा आणि वाळताना कडेला रंगाची रेघ येते का ते दुसऱ्या दिवशी पाहा.

कागदावर अगदी फिकट गुलाबी सावली आली तरी उत्तर ‘सुटतो’ असेच. पांढऱ्या सुती जमिनीवर तेवढी सावली पुरते.

१८५६ साली पर्किन या रसायनशास्त्रज्ञाला जांभळा कृत्रिम रंग सापडला आणि पुढच्या काही दशकांत बाजारात आलेल्या कित्येक रंगांचा पाण्यात भरवसा नसतो, विशेषतः लाल, जांभळ्या आणि गुलाबी रंगांचा. पण ‘नैसर्गिक रंग म्हणजे पक्का’ हेही चूक. हळदीचा पिवळा अल्कलीत तांबडा होतो, कुसुंबीचा लाल मुळात अल्कलीनेच फुलातून काढतात, त्यामुळे अल्कधर्मी पाण्यात तो सुटतो. नीळ पाण्यात विरघळत नाही, पण घासली की निघते. ‘मीठ किंवा व्हिनेगर घातले की रंग बसतो’ हा सल्ला विसरून जा. मिठाने जुना रंग पक्का होत नाही, वर जरीला मिठाचे पाणी लागते ते वेगळेच.

चाचणी पार पडलीच तर: टब, पाणी, डिटर्जंट

हा भाग तुमच्या आच्छादनापेक्षा साठ्यातल्या साध्या सुती किंवा लिनन वस्त्रांना जास्त लागू आहे. तरी आकडे तुमच्याच मापाचे देतो, म्हणजे कामाचा आवाका कळेल.

वस्त्र सपाट मावले पाहिजे. म्हणून उथळ टब २.३ बाय १.८ मीटरचा, तोही चौकटीवर जाड पॉलिथिन अंथरून तयार करता येतो. त्यात ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे २०७ लिटर. एक भिजवणी, एक किंवा दोन धुण्या, पाच-सहा खळबळण्या मिळून सुमारे साडेचौदाशे ते साडेअठराशे लिटर. एवढे सगळे डिआयनाइज्ड मिळणे अवघड असते. पहिल्या पाण्यांना मृदू केलेले, गाळलेले पाणी चालते. शेवटच्या दोन खळबळण्या मात्र डिआयनाइज्डच हव्यात, कारण कापडात जे राहते ते शेवटच्या पाण्यातले राहते.

साबण का नको, तर तो अल्कधर्मी असतो आणि जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारी साय करतो, जी धाग्यात बसते. घरगुती डिटर्जंटमध्ये चकाकी आणणारे रंग, सुगंध, ब्लीच आणि विकरे (एन्झाइम) असतात. प्रथिने तोडणारी विकरे रेशीम आणि लोकर यांनाच खातात, कारण तीही प्रथिनेच. रिठ्यासारख्या वनस्पतींतले सॅपोनिन सौम्य असते, पण काढ्याचा रंग, ताकद आणि सामू दर वेळी वेगळा. संग्रहालयात जे मोजता येत नाही ते वापरू नये.

मोजता येण्यासारखे दोन पर्याय आहेत: सोडियम लॉरिल सल्फेट हे ऋणभारित डिटर्जंट, किंवा डेहायपॉनसारखे भाररहित. पहिल्याचे मायसेल, म्हणजे मळ उचलणारे रेणूंचे पुंजके, शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे २.३ ग्रॅमच्या वर तयार होतात, क्षार असले तर कमी प्रमाणातही होतात. व्यवहारात लिटरला १ ते २ ग्रॅम शुद्ध घटक पुरतो, म्हणजे तुमच्या टबाला २०० ते ४०० ग्रॅम. पेस्ट वापरत असाल तर तिच्यात शुद्ध घटक किती टक्के आहे ते पाहून हिशेब करा, इथे चूक फार होते. पाणी २० ते २५ अंश सेल्सियस ठेवा. त्याहून बरेच थंड, म्हणजे १५ अंशांखाली असेल तर हे डिटर्जंट नीट विरघळत नाही. भाररहित डिटर्जंट लिटरला अर्धा ग्रॅमही पुरते. सुटलेला मळ परत बसू नये म्हणून सोडियम कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज अगदी थोडे, लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आत.

ट्रायसोडियम सायट्रेटने मळ झपाट्याने सुटतो, कारण तो मळाला धरून ठेवणाऱ्या धातूंच्या आयनांना पकडतो. पण रंग पक्का करणाऱ्या धातूंनाही, म्हणजे तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमला आणि लोहाला, तो तसाच पकडतो. रंगीत वस्त्रावर त्याची चाचणी वेगळी घेतल्याशिवाय वापरू नका.

वस्त्र दोन जाळ्यांच्या मध्ये ठेवून, जाळ्या कडेने सैल टाचून मगच पाण्यात उतरवा. कोरडे असताना अर्धा किलोच्या आसपास असलेले आच्छादन ओले झाल्यावर दीड किलोच्या घरात जाते. एका कोपऱ्याने उचलले तर ते सगळे वजन मूठभर धाग्यांवर येते. चांगला कापूस ओला झाल्यावर थोडा बळकट होतो, पण रेशीम आणि लोकर कमजोर होतात, व्हिस्कोस रेयॉन तर निम्म्यावर येतो. खूप जुन्या कापसाकडूनही बळकटीची अपेक्षा ठेवू नका.

आधी फवाऱ्याने ओले करा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकून कापड तरंगणार नाही. नुसत्या पाण्यात १० ते १५ मिनिटे. हे पाणी चहासारखे पिवळे होते, ते लगेच सोडा. मग डिटर्जंट, १५ ते २० मिनिटे, नैसर्गिक स्पंजने वरून सरळ खाली दाबत. चोळणे नाही, पिळणे नाही, ‘इथे जरा जास्त’ नाही. मग खळबळणे, दर वेळी ५ ते १० मिनिटे. फेस दिसेनासा होणे पुरेसे नाही. टबातले पाणी परीक्षानळीत घेऊन जोरात हलवा. शक्य असल्यास विद्युतवाहकता मोजा आणि आत घातलेल्या पाण्याच्या जवळ आकडा आला की थांबा. मागे राहिलेले डिटर्जंट धूळ ओढते आणि पुढे पिवळे पडते.

टबात अचानक रंग सुटताना दिसला तर पाणी काढून टाकत बसू नका. उलट पाणी वाढवा, वाहते ठेवा, म्हणजे सुटलेला रंग कापडावर बसायला वेळ मिळत नाही. मग थेट वाळवणीकडे.

वाळवणे

पाणी ज्या जागेवरून हवेत जाते, तिथेच ते आपल्याबरोबर आणलेले सगळे टाकून जाते. काचेवर पसरलेल्या कापडात पाणी फक्त वरच्या बाजूने उडते, म्हणून उरलासुरला पिवळेपणा आणि सुटा रंग वर येतो. जाड जागा, म्हणजे शिवण, दुहेरी काठ, भरीव भरतकाम, उशिरा वाळतात, आणि त्यांच्या कडेला तपकिरी रेघ उमटते. ओले आणि कोरडे यांच्या सीमेवर सेल्युलोजचे ऑक्सिडीकरणही होते. ओल्या कापसाच्या बोळ्याने एकाच डागावर काम केले की डागाभोवती गोल कडे उमटते ते यामुळेच. असे कडे मूळ डागापेक्षा हट्टी असते.

तेव्हा टबातून जाळीसकट काढा आणि स्वच्छ काचेवर किंवा पॉलिएस्टर फिल्मवर ठेवा. टीपकागद आणि धुतलेले सुती टॉवेल वरून ठेवून दाबा, दोन-तीनदा बदला. वस्त्र ओले असतानाच बोटे सपाट ठेवून उभे-आडवे धागे काटकोनात आणा. ओढू नका. ढकलून सरळ होत नसेल तर तो भाग तसाच राहू द्या. जिथे धरून ठेवायला हवे तिथे काचेची छोटी वजने किंवा धाग्यांच्या मधून घातलेल्या स्टेनलेस स्टीलच्या बारीक टाचण्या. वर पातळ, खळ काढलेल्या पांढऱ्या मलमलीचा थर घट्ट टेकवा. आता बाष्पीभवन मलमलीतून होते आणि वर येणारा मळ तिच्यात अडकतो. उठावदार भरतकाम नसेल तर सुलटी बाजू काचेकडे ठेवा, म्हणजे जे काही वर येईल ते उलट्या बाजूला येईल.

पंख्याची गार हवा कापडाला समांतर सोडा. जाड जागांवर गार हवेचा ड्रायर. गरम हवा नको, उन्हाचे तर नावही नको. तीन-चार तासांत वाळले पाहिजे. रात्रभर ओले राहील असे वस्त्र मुळात पाण्यात घालायचेच नव्हते.

जर, डाग, सुरकुत्या

जर म्हणजे बहुधा रेशमाच्या किंवा सुती धाग्यावर गुंडाळलेली चांदीची, सोन्याचे पाणी दिलेली पट्टी. कधी आत तांबेही असते. काळेपणा म्हणजे चांदीचे सल्फाइड. तो पॉलिशने काढायला गेलात तर पूड विणीत अडकते आणि सोन्याचा मायक्रोमीटरपेक्षा पातळ थर निघून जातो. चांदी उजळण्याच्या द्रावणांतले थायोयुरिया आणि आम्ल आतल्या रेशमात राहते आणि ते कुजवते. तांबे असेल तर पाणी आणि क्षार मिळून हिरवा गंज येतो. म्हणून जर कोरड्या मऊ ब्रशने झाडा आणि काळेपणा स्वीकारा. सायक्लोडोडेकेन हा मेणासारखा पदार्थ वितळवून जरीवर लावायचा, बाकीचे वस्त्र धुवायचे आणि तो थर आपोआप उडून जाऊ द्यायचा, अशी युक्ती वापरतात. पण विणलेल्या, खाचाखोचांच्या पृष्ठभागावर तो थर पूर्ण जलरोधक होतोच असे नाही. तुमच्या काठासाठी ती जोखीम घेण्यासारखी वाटत नाही.

घड्यांवरच्या तपकिरी रेघांसाठी, त्या जर भरतकामापासून दूर असतील तर, ४ टक्के अ‍ॅगरोजच्या (समुद्री शैवालातून काढलेल्या पदार्थाच्या) जेलचा पातळ तुकडा वापरून बघता येईल. जेल पाणी हळूहळू सोडते आणि मळ आत ओढते. तो डागापेक्षा थोडा मोठा कापा, मधे पातळ जपानी कागद ठेवा, १५-२० मिनिटांनी उचला आणि लगेच टीपकागद व गार हवा. निचऱ्यासाठी सक्शन टेबल (खालून हवा ओढणारे, छिद्रांचे टेबल) असेल तर फारच चांगले. रेघ निम्मी फिकी झाली की थांबा. लोखंडाचा डाग असल्याची शंका असेल तर बाथोफिनँथ्रोलिनच्या पट्टीने आधी खात्री करा, गुलाबी झाली तर लोह आहे. ब्लीच मात्र कुठलेच नाही. पांढरेपणा येतो तो धाग्याच्या आयुष्यातून वजा होऊन.

सुरकुत्यांवर इस्त्री नको. पाणी न जाऊ देता वाफ जाऊ देणारे पापुद्र्याचे कापड सुरकुतीवर, त्यावर किंचित दमट टीपकागद, त्यावर पॉलिएस्टर फिल्म, असे अर्धा-पाऊण तास. धागा सैल झाला की बोटाने सरळ करून काचेच्या वजनाखाली वाळू द्या. जरीवर आणि रंग सुटणाऱ्या भागावर हा दमटपणाही मोजूनच.

कसर किंवा गालिच्याच्या भुंग्याच्या अळ्या दिसल्या, तर वरचे सगळे थांबवून वस्त्र पॉलिथिनमध्ये हवाबंद करा. उणे ३० अंशांना तीन दिवस किंवा उणे २० अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर दव धरते. डांबरगोळ्या नकोत. बुरशी असेल तर आधी कोरडी होऊ द्या, मग मुखपट्टी लावून हेपा व्हॅक्यूम. ओल्या फडक्याने पुसले की ती आत चोळली जाते.

तीन महिन्यांचे नियोजन

विरलेल्या दोन जागांखाली रंग जुळवून रंगवलेल्या, आधी धुतलेल्या सुती कापडाचे ठिगळ द्या. वरून केसाइतक्या बारीक रेशमी धाग्याचे समांतर लांब टाके, एकमेकांपासून ४-५ मिलिमीटरवर, आणि त्यांना आडवे बारीक टाके घालून बांधा. वाकडी सुई वापरा, ती धाग्यांच्या मधून जाऊ द्या, धागा फोडून नाही. गाठ मारू नका. या दोन ठिगळांना आठवडाभर धरा.

उभे टांगू नका. ऐंशी-नव्वद वर्षांचा कापूसही स्वतःचे, भरतकामाचे आणि जरीचे वजन महिनोन्महिने झेलेल असे गृहीत धरता येत नाही. १५ ते २० अंश उताराच्या फळीवर पॉलिएस्टर फेल्ट, त्यावर न रंगवलेले धुतलेले सुती कापड, आणि त्यावर आच्छादन. एवढ्या उतारावर घर्षणच बरेच वजन पेलते, वरच्या कडेला थोडे टाके पुरतात. फळी, फेल्ट, गोंद, पेटीचा रंग, काहीही वापरण्याआधी त्याचा तुकडा चांदी, तांबे आणि शिसे यांच्या पट्ट्यांबरोबर थोड्या पाण्यासह बंद नळीत ६० अंशांना २८ दिवस ठेवून पट्ट्या गंजतात किंवा काळवंडतात का ते पाहा. जरीसाठी चांदीची पट्टी महत्त्वाची. ही ऑडी चाचणी म्हणजे जवळजवळ एक महिना, म्हणून ती आजच सुरू करा, बाकी कामे तिच्या पोटात बसतील. पेटीत लोकरीचे कापड किंवा रबर नको, दोन्ही गंधकयुक्त आहेत.

प्रकाश ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक). रोज ८ तास धरले तर ९० दिवसांत ३६,००० लक्स-तास होतात. तेच प्रदर्शन २०० लक्सवर भरवले तर १,४४,००० होतात, म्हणजे ५० लक्सवरचे ३६० दिवस तीन महिन्यांत खर्च. प्रकाशाचे नुकसान साठत जाते, अंधारात ठेवल्याने भरून निघत नाही. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत, ६५ च्या वर कधीच नाही.

प्रदर्शन संपल्यावर पुन्हा घडी घालू नका. किमान १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर आधी पॉलिएस्टर फिल्म, मग आम्लमुक्त कागद, आणि भरतकामाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा. कागद अल्कलीयुक्त नसलेला घ्या, कारण यात रेशीम आहे. नळी तिच्या दोन्ही टोकांवर टेकवा, वस्त्राच्या अंगावर नाही. खर्च झालेले लक्स-तास, चाचणीचे टीपकागद आणि धुळीची पिशवी त्याच नोंदीच्या फाइलीत लावा.